डोक्यावर काय घालायचं

माझा मामा, चांगो राघो बडेकर, हा कर्जतजवळच्या चौक गावाच्या आसपासच्या आमच्या कुणबी गावांमधला पहिला बी. ए. एकोणीसशे अठ्ठावीस साली तो पुण्याहून पास होऊन आला तेव्हा शेजारपाजारचे लोक आजोबांना विचारायला यायचे, तुमचा पोर आता वकील झाला का डाक्टर? आजोबा सांगायचे, "दोन्ही नाय. नुसता शिकलाय."

ही हकिकत मी अर्धी मामाकडून ऐकली आणि अर्धी माझ्या आईकडून. आई म्हणजे त्याची धाकटी बहीण, आवडी. तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि घरात काय चाललंय ते तिच्या नजरेतून सुटत नसे.

नुसतं शिकलेलं असण्याचे दिवस मामाला फार जड गेले. आठ महिने झाले तरी नोकरी नव्हती. कर्जतच्या एका वकिलांकडे तो कागदांच्या नकला करायचा, भिसेगावात एका नातेवाइकाच्या ओटीवर पथारी टाकायचा आणि शनिवारी चालत घरी यायचा. गावात शिरताना तो लांबच्या पायवाटेनं यायचा. रस्त्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "लागलं का रं काम?"

पौषात पत्र आलं. शाळाखात्यात असिस्टंट डेप्युटीची एक जागा होती. गावोगाव फिरून शाळा तपासणारा तो हुद्दा. आमच्याकडे त्याला नुसतं दिपोटी म्हणत, आणि दिपोटी यायचा म्हटलं की मास्तर आदल्या दिवशी शाळा सारवून घ्यायचे. शेतकरी आणि इतर मागासलेल्या वर्गांतल्या पदवीधराला आधी संधी मिळेल, जातीचा दाखला बरोबर आणावा, थंडीच्या दौऱ्यात साहेबांचा मुक्काम कर्जतच्या डाक बंगल्यात असेल, तिथं मंगळवारी सकाळी हजर व्हावं, असा मजकूर होता. सगळ्यात खाली एक ओळ होती. उमेदवारानं योग्य पोशाखात यावं.

पत्र इंग्रजीत होतं. मामानं ते घरी मराठीत करून सांगितलं.

"योग्य पोशाख म्हंजे काय?" आजोबांनी विचारलं.

"नीट कपडे घालून या, असं."

"आन् नायतर लोक कसे जातात तिथं?"

आजी हसली, आई हसली. मामा हसला नाही. दहा दिवस होते हातात. दाखला मिळाला होता, प्रश्नांची तयारी होती, भूगोल, गणित, शाळाखात्याचे नियम, सगळं त्याला पाठ होतं. पण त्या एका ओळीनं त्याची झोप उडवली. आई सांगायची, जेवतानासुद्धा तो मध्येच थांबून पानाकडे बघत बसायचा, आणि मग म्हणायचा, "आवडे, बूट घातले आन् धोतर नेसलं तर कसं दिसंल गं?"

आजच्या वाचकाला हे बारीकसारीक वाटेल. तेव्हा ते तसं नव्हतं. माणूस कोण आहे, कुठून आला, त्याला खुर्ची द्यायची की ओट्याखाली उभं ठेवायचं, हे त्याच्या डोक्यावरून आणि पायांवरून ठरत असे. तोंड उघडायची पाळी त्यानंतर यायची. ब्राह्मणाची पगडी वेगळी, वाण्याचं पागोटं वेगळं, आमचं लाल पागोटं वेगळं. मामाकडे कॉलेजातला एक बंद गळ्याचा काळा कोट होता, कोपरांवर विटलेला. दोन धोतरं होती. एक काळी टोपी होती. पुण्याच्या वसतिगृहात सगळ्यांच्याच डोक्यावर तसली टोपी असायची, त्यामुळे तिथं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

पहिल्यांदा तो चौकाच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे गेला. त्यांनीच त्याला लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती आणि पुढं आजोबांच्या मागं लागून पनवेलला धाडलं होतं.

"धोतर, बंद कोट आणि काळी टोपी," हेडमास्तर म्हणाले. "खांद्यावर उपरणं घे. बूट नकोत, वहाणा चालतील. आणि पाटलोणीचं मनातसुद्धा आणू नकोस."

"का, गुरुजी?"

"पाटलोण घालून गेलास तर साहेबाला वाटेल, हा आपली बरोबरी करतोय. आणि साहेबाच्या शेजारी आपला जो कोणी बसला असेल त्याला वाटेल, हा आपल्या पुढं गेला. यातलं दुसरं जास्त वाईट." मग त्यांनी विचारलं, "टोपी काळीच आहे ना? पांढरी घालशील तर चळवळीतला समजून व्हरांड्यातूनच परत पाठवतील."

मामा थोडा मोकळा झाला. पण दुसऱ्या दिवशी कर्जतला वकिलांनी ते ऐकलं आणि हातातली लेखणी खाली ठेवली.

"धोतर? चांगो, धोतरातले कारकून माझ्याकडे ढिगानं येतात. दिपोटी म्हणजे हुद्देदार. साहेबानं 'बसा' म्हणावं असं वाटत असेल तर बसणारा माणूस दिसला पाहिजेस." आणि त्यांनी आतून एक गाठोडं आणवलं. त्यात त्यांचा जुना करड्या रंगाचा कोट, पाटलोण, कडक कॉलर, नेकटाय आणि बूट होते. वकिलांची शरीरयष्टी मामासारखीच होती. बूट मात्र बोटभर लांब होते. "पुढं कापूस कोंब," ते म्हणाले. "आणि आतापासून घालून हिंड. नवशिक्याची चाल लगेच ओळखू येते."

वकील मनापासून सांगत होते. मामालाही ते पटलं. हेडमास्तरांचं त्याला पटलं होतं तितकंच पटलं.

शनिवारी दुपारी त्यानं ते कपडे चढवले आणि कर्जतहून घराकडे चालत निघाला. बुटांत कापूस होता तरी टाचा घासत होत्या. कॉलर मानेला कापत होती. रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल बाजूला घेत होते. एका म्हाताऱ्यानं तर रामराम घातला. मामा मला म्हणाला होता, खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन मैलांत ते मला आवडलं.

गाव जवळ आलं तेव्हा उन्हं कलली होती. समोरून चार बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन येत होत्या. साहेब येतोय असं बघून त्या रस्त्यावरून खाली उतरल्या, कापणी झालेल्या शेतातल्या ढेकळांत. पदर पुढं ओढून, पाठमोऱ्या होऊन त्या थांबल्या. मामा पुढं निघाला. चौथी बाई म्हणजे त्याची आई होती, माझी आजी गौराबाई.

तो थांबला. तिनं वळून बघितलं नाही. मोळी मोठी होती, ढेकळांत पाय धड टेकत नव्हता, आणि ती तो साहेब निघून जायची वाट बघत होती.

"आये," तो म्हणाला.

तिनं आधी त्याचे बूट बघितले. मग हळूहळू वर.

"चांग्या? तू हायस व्हय? मी म्हनलं कोन सायेब आला!" ती हसायला लागली. बाकीच्या बायकाही हसल्या, त्याच्या कोटाला हात लावून बघायला लागल्या. मामानं मोळी घ्यायला हात पुढं केले तशी ती मागं सरली. "नको रं, कापडं मळतील वकिलाची."

आणि तो तिच्या मागून मोकळ्या हातांनी घरापर्यंत चालत गेला.

आई सांगायची, त्या दिवशी त्यानं आल्या आल्या सगळे कपडे उतरवले, घडी घालून गाठोडं बांधलं आणि पंचा गुंडाळून ओटीवर बसून राहिला. आजीला काहीच कळलं नाही. ती सगळ्यांना कौतुकानं सांगत होती, मी माज्या पोराला वळखलं नाय, येवढा सायेब दिसत व्हता. ती जितक्यांदा सांगायची तितक्यांदा मामा मान खाली घालायचा.

वकिलांचा पोशाख बाद झाला. आजोबांना तेवढीच संधी हवी होती.

राघो बडेकरांकडे एक लाल पागोटं होतं. लग्नकार्याला, जत्रेला आणि मामलेदार कचेरीत जाताना ते डोक्यावर चढायचं. एरवी माळ्यावरच्या पेटाऱ्यात कडुनिंबाच्या पाल्यात असायचं. रविवारी सकाळी ते त्यांनी खाली काढलं.

"ह्ये घालून जा."

"बा, दिपोटी पागोटं घालत नाय."

"आपल्यातला दिपोटी अजून झालाच नाय. मंग त्यो काय घालतो, ते तुला कुनी सांगितलं?"

आजोबा पुढं म्हणाले, "त्या कागदावर लिवलंय ना, शेतकऱ्याचा पोर पायजे म्हनून? मंग सायेब कागूद वाचायच्या आदी डोकं बघंल. टोपी बघून त्याला काय कळंल? टोपी कुनीबी घालतो."

"लोक हसतील, बा."

"मला कवा कोन हसलं?" आजोबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

सोमवारचा दिवस मोठ्या गडबडीत गेला. आजीनं धोतर रिठ्याच्या पाण्यात धुतलं. आईनं तांब्यात निखारे घालून ते चटईवर दाबून काढलं, आणि शेवटच्या हाताला, भाऊ आता खूश होणार या नादात, तांब्या अंमळ जास्त वेळ ठेवला. काठापासून वीतभर वर करवंदाएवढा तपकिरी डाग पडला. ती रडायला लागली. मामानं धोतर उजेडात धरून बघितलं, निऱ्या करून बघितल्या, पाच-सहा वेळा. डाग आतल्या निरीत जात होता, पण चालताना दिसेल की काय ते सांगता येत नव्हतं. मग तो अंगणात ये-जा करायचा आणि आई ओटीवर बसून सांगायची, "दिसला... नाय दिसला... आता दिसला." कोटाच्या विटलेल्या कोपरांना त्यानं शाई चोळली. हेडमास्तरांचं उपरणं आणलं होतं, ते घेतलं, पुन्हा ठेवलं. वहाणा नव्या होत्या आणि करकरत होत्या, म्हणून त्यांना तेल पाजलं. टोपी की पागोटं, हे त्याचं झोपायला जाईपर्यंत ठरलं नव्हतं.

मंगळवारी उजाडायच्या आत आजोबांनी गाडी जुंपली. निघताना त्यांनी मामाला अंगणातल्या दगडावर बसवलं आणि न विचारता पागोटं बांधायला घेतलं. मामानं बांधू दिलं. काळी टोपी मात्र त्यानं घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली होती. आजोबांच्या डोक्याला त्या दिवशी एक जुनं फडकं गुंडाळलेलं होतं, कारण चांगलं पागोटं एकच.

वाटेत गाडीला धक्का बसला की मामा दोन्ही हात डोक्याला लावायचा.

डाक बंगल्याच्या व्हरांड्यात आणखी चौघे उमेदवार बसले होते. दोघे पाटलोणीत, दोघे लांब कोटात. सगळे आपापल्या कागदांकडे बघत होते. मामा पायरीवर पाय ठेवतो तोच पट्टेवाला पुढं आला.

"अर्ज द्यायचा असेल तर दुपारनंतर. तिकडं झाडाखाली बसा, पाटील."

"मी मुलाखतीला आलोय."

"कोणाच्या बरोबर?"

मामा सांगायला लागला, पण तेवढ्यात आतून घंटी वाजली आणि पट्टेवाला पळाला. परत आला तो दुसऱ्या कामात. व्हरांड्यातल्या चौघांनी हे ऐकलं होतं. एकानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मामा झाडाखाली जाऊन बसला. अर्ज घेऊन आलेले सात-आठ शेतकरी तिथं उकिडवे बसले होते. त्यांनी त्याला जागा करून दिली.

त्याचा हात खिशातल्या टोपीवर गेला. बंगल्यामागं जाऊन पागोटं उतरवायचं, टोपी घालायची, एका मिनिटाचं काम. त्यानं कुंपणापलीकडं बघितलं. आजोबा गाडीच्या जुवावर हात ठेवून उभे होते आणि एकटक त्याच्याकडेच बघत होते. मामानं हात बाहेर काढला.

एकेक उमेदवार आत जाऊन आला. मग पट्टेवाल्यानं दारात येऊन पुकारलं, "मिस्टर सी. आर. बडेकर!"

मामा उठला. पट्टेवाल्यानं त्याच्याकडे न बघता पुन्हा पुकारलं, आणि मग आत वळून म्हणाला, "हाजिर नाहीत, साहेब."

मामा मला म्हणाला, त्या घटकेला मला एवढंच कळलं की आता बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही. झाडाखालूनच तो मोठ्यानं इंग्रजीत ओरडला, "मी हजर आहे, सर!" शेजारचे शेतकरी दचकले. पट्टेवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. मामा वहाणा करकरवत पायऱ्या चढला आणि आत गेला.

आत दोघे होते. मध्ये गोरे साहेब, बाजूला रावसाहेब म्हणून एक मराठी अधिकारी, डोक्याला मलईच्या रंगाची पगडी, सोनेरी काड्यांचा चष्मा. साहेब "बसा" म्हणाले. खुर्चीवर बसताना निऱ्या कुठं गेल्या ते मामानं चोरून बघितलं. डाग वर आला होता. त्यानं त्यावर दाखल्याची सुरळी धरली.

साहेबांचे प्रश्न सरळ होते. त्यांनी विचारलं, खालापूर पेट्यात, म्हणजे तालुक्याच्या त्या पोटविभागात, मुलं तिसरीनंतर शाळा का सोडतात?

"सोडत नाहीत, सर. लावणीला जातात. लावणी उरकून परत येतात तोवर त्यांची नावं कमी झालेली असतात. मास्तर पुन्हा घालून घेतात, पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं. तिसऱ्या वेळी मूल येतच नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं. आणखी चार-पाच प्रश्न झाले. मामाला धीर आला. मग रावसाहेबांनी चष्मा काढला आणि मराठीत विचारलं, "हे पागोटं तुम्ही रोज घालता?"

"नाही."

"कॉलेजात?"

"नाही. तिथं टोपी घालत होतो."

"मग आजच का? जागा शेतकरी वर्गासाठी आहे म्हणून?"

नाही म्हणावं तर खोटं होतं, हो म्हणावं तर तेही पुरतं खरं नव्हतं. "वडिलांनी सांगितलं," एवढंच तो म्हणाला.

"असे वेष करून आलेले आम्ही पुष्कळ बघितले आहेत," रावसाहेब म्हणाले. "दाखले विकतही मिळतात. तुम्ही खरे त्या घरातले असाल तर सोडा ते, आणि बांधून दाखवा."

मामानं पागोटं उतरवलं. पीळ सुटला, कापडाचा ढीग मांडीवर पडला, एक टोक घरंगळत साहेबांच्या टेबलाखाली गेलं. वडीलधाऱ्यांसमोर, साहेबासमोर उघड्या डोक्यानं बसणं ही तेव्हा केवढी नामुष्की होती ते आज सांगून कळायचं नाही. त्यानं बांधायला घेतलं. पहिला फेरा बसला, दुसरा कानावर आला, तिसऱ्याला सगळंच सैल होऊन गळ्यात आलं. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. खिशात टोपी होती. ती काढून डोक्यावर घालून गप बसावं असं त्याला वाटलं, आणि ते केलं तर सगळंच संपलं हेही कळलं.

"मला बांधता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "सकाळी वडिलांनी बांधून दिलं. ते बाहेर गाडीपाशी आहेत."

साहेबांनी काय चाललंय म्हणून विचारलं. रावसाहेबांनी सांगितलं. साहेब म्हणाले, बोलवा त्यांना.

आजोबा आत आले ते घाबरूनच. पोरगा उघड्या डोक्यानं बसलेला, पागोटं जमिनीवर. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या होत्या. त्यांनी हात जोडले. "सायेब, पोराची चूक झाली आसंल तर पदरात घ्या. ल्हान हाय त्यो."

"चूक नाही," रावसाहेब म्हणाले. "हे तुम्ही बांधलंत?"

"व्हय जी."

"मग याला का शिकवलं नाही?"

आजोबांना प्रश्नाचा अर्थच लागेना. ते एकदा मामाकडे, एकदा रावसाहेबांकडे बघत म्हणाले, "कवा शिकवनार? बांधायच्या वयात त्यो शाळंत, आन् मी शेतात. सवडच झाली नाय, सायेब."

रावसाहेबांनी ते वाक्य इंग्रजी करून साहेबांना सांगितलं, हळू, शब्द शोधत. मग ते आजोबांना म्हणाले, "बांधा."

आजोबांनी टेबलाखालचं टोक ओढून घेतलं, झटकलं, दातांत धरलं आणि मामाच्या डोक्याला फेरे द्यायला लागले. "मान सरळ धर रं," ते पुटपुटले. फेरे बरोबर बसत गेले. साहेब उठून उभे राहून बघत होते. रावसाहेब कागदावर काहीतरी लिहीत होते, मान वर न करता.

"ठीक. तुम्ही जा," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मामाच्या मनातलं सगळं आजोबांवर निघालं. नोकरी गेली यात त्याला शंका नव्हती. पण त्याला दुसरंच खुपत होतं.

"हात कशाला जोडलेस, बा? चूक झाली आसंल म्हनून कशाला बोललास? काय चूक केली व्हती मी?"

आजोबांनी बैलांकडे बघत उत्तर दिलं. "तिथं उभं ऱ्हायलं म्हंजे हात कुटं ठेवायचे, त्ये मला ठावं नव्हतं."

चौकात मामानं गाडी थांबवली, वकिलांसमोर जायचं टाळून गाडीत तसंच राहिलेलं त्यांचं गाठोडं कर्जतला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे दिलं आणि हेडमास्तरांचं उपरणं परत केलं. हेडमास्तरांनी विचारलं, "कसं झालं?" तो म्हणाला, "प्रश्न बरे गेले." पुढचं त्यानं त्यांना कधीच सांगितलं नाही.

त्यानंतरचा दीड महिना घरात वाईट गेला. टपालवाला दिसला की आजी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं व्हायची, आणि तो हातानंच नाही म्हणायचा. मामानं वकिलांकडे जाणं सोडलं. त्यांना तोंड कसं दाखवायचं ते त्याला कळत नव्हतं. तो आजोबांबरोबर शेतात राब भाजायला, म्हणजे पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांची जागा तयार करायला, जायचा. एकदा त्यानं आईला विचारलं, "आवडे, मी टोपी घातली असती तर?" आई म्हणाली, "मंग बा बंगल्यात आत गेला नसता." आजोबा त्या दिवसापासून भेटेल त्याला बंगल्यातली खुर्ची, टेबल, साहेबाचे निळे डोळे यांचं वर्णन करून सांगत होते. नोकरीचं काय झालं हे विचारायचं लोक विसरून जायचे.

फाल्गुनात पत्र आलं. पहिली जागा दुसऱ्या जिल्ह्यातल्या उमेदवाराला मिळाली होती. मामाचं नाव दुसरं होतं. रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यात एक असिस्टंट डेप्युटी आजारपणाच्या रजेवर गेले होते. त्यांच्या जागी सहा महिने हंगामी जायला तयार असाल तर कळवा, असं लिहिलं होतं. नाव दुसरं कुणामुळं आलं, साहेबांमुळं की रावसाहेबांमुळं, हे त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

आनंद झाला, पण घाबरतच झाला. सहा महिन्यांनी काय? खेड किती लांब? आजीनं फक्त एक विचारलं.

"तिथं भात पिकतो का रं?"

"पिकतो, आये."

"मंग ऱ्हाशील."

तो राहिला. सहा महिन्यांचे बारा झाले, मग जागा कायम झाली, आणि पुढं सत्तावीस वर्षं मामा कोकणातल्या शाळा तपासत पायी आणि गाडीनं हिंडला. लावणीच्या दिवसांत गैरहजर मुलांची नावं कमी करू नयेत म्हणून त्यानं वरिष्ठांना किती पत्रं लिहिली त्याची गणती नाही. त्यातल्या फार थोड्यांना उत्तर आलं.

पहिल्या वर्षी त्याची घरी येणारी पत्रं वाचून घ्यायला आजोबांना चौकापर्यंत जावं लागायचं. हेडमास्तरांच्या तोंडून घरच्या गोष्टी ऐकायला त्यांना संकोच वाटे. मामानं मग सुट्टीत आल्यावर हेडमास्तरांच्या पत्नीला, मास्तरीणबाईंना, गळ घातली, आणि माझी आई रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन वाचायला शिकली. लग्न व्हायच्या आत तिला लिहिताही यायला लागलं. तिनं स्वतःच्या हातानं भावाला पहिलं पत्र लिहिलं त्यात चारच वाक्यं होती. भात लावून झालं. म्हैस व्याली. बाचा खोकला बरा आहे. तू कधी येतोस.

मामानं ते पत्र परत पाठवलं. लाल शाईनं त्यात सात चुका दुरुस्त केल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, अक्षर सुधारत आहे. आई इतकी चिडली की तिनं पुढचे तीन महिने त्याला पत्रच लिहिलं नाही.